गोठ्यातल्या बॅटऱ्या

गायी विकल्या त्याला नऊ वर्षं झाली होती, तरी ओक्काच्या घरामागच्या त्या लांबलचक इमारतीला गावातले लोक अजून गोठाच म्हणत. आता तिथं दर हिवाळ्यात चौतीस मोटरहोम उभी राहायची. ऑक्टोबर सरता सरता लोक आपापली गाडी घेऊन यायचे, टाक्यांतलं पाणी सोडून द्यायचे, फ्रीजचं दार बोटभर उघडं ठेवायचे, किल्ली ओक्काच्या हातात द्यायचे आणि घरी जायचे. वसंत ऋतू लागला की यायचे आणि गाडी काढून न्यायचे. मधल्या पाच महिन्यांत गाडीची काळजी ओक्कानं घ्यायची, असं ठरलेलं.

काळजी म्हणजे खरं तर बॅटऱ्यांची. प्रत्येक गाडीत दोन: एक इंजिन सुरू करायला, दुसरी आतल्या घराला, म्हणजे दिवे, पंप, फ्रीज यांना. गाडी नुसती उभी राहिली तरी बॅटरी आतल्या आत उतरत जाते. भरलेली बॅटरी थंडीला दाद देत नाही, पण उतरलेली ॲसिडची बॅटरी कडाक्याच्या गारठ्यात गोठते आणि फुटते. गोठ्यात चार्जर लावून ठेवायला विमेवाल्यांची मनाई होती, आगीच्या भीतीनं. म्हणून ओक्का महिन्यातून एकदा मीटर घेऊन ओळीनं सगळ्या गाड्यांतून फिरायची. साडेबारा व्होल्टच्या वर असलं की पुढं. खाली आलं की पान्यानं आधी निगेटिव्हची वायर सोडायची, मग दुसरी, बॅटरी उचलून हातगाडीवर ठेवायची आणि दुधाच्या खोलीत न्यायची. पूर्वी दुधाची स्टीलची टाकी असायची त्या खोलीत आता चार्जर होते. तिथं फरशी होती, छोटा हीटर होता आणि विमेवाल्यांची परवानगीही होती. दिवसभर हळूहळू चार्ज करून बॅटरी परत जागच्या जागी.

एवढ्या हिवाळ्यांत तिच्या हाताखाली एकही बॅटरी मेली नव्हती. तिचा नवरा रेन्के म्हणायचा, "गायींना इतकं जपलं असतंस तर अजून गायीच असत्या." रेन्के शाळेच्या मुलांची गाडी चालवायचा आणि दुपारनंतर घरी असायचा. गुडघे गेलेले, त्यामुळं ओझं उचलायचं काम ओक्काकडंच.

त्या वर्षी ऑक्टोबरात मेन्ट हार्म्सचा फोन आला. तो जिथं गाडी ठेवायचा ती जागा विकली गेली होती.

"तुझ्याकडं एक सात मीटरची बसेल का?" त्यानं विचारलं.

ओक्काच्या वहीत दोन जागा रिकाम्या होत्या. भरल्यात म्हणून सांगायचं तिच्या ओठावर आलं होतं. पण ती म्हणाली, "आण शनिवारी."

मेन्ट आता सहासष्ट वर्षांचा, निवृत्त. ओक्का अठ्ठावन्न. गावात भेट झाली की दोघं "मोइन" एवढा नमस्कार करायचे आणि पुढं जायचे. तिनं गेल्या अडतीस वर्षांत त्याच्याशी त्याहून जास्त बोलणं टाळलं होतं, आणि त्याला कारण होतं.

मेन्ट तरुणपणी डेअरीचा टँकर चालवायचा. एक दिवसाआड सकाळी तो त्यांच्या अंगणात यायचा. आधी टाकीतल्या दुधाचा नमुना एका बाटलीत भरायचा, बाटली गाडीच्या कप्प्यात ठेवायचा, मग नळी लावून दूध ओढून घ्यायचा. ओक्का वीस वर्षांची होती तेव्हा एका गायीची कास सुजली आणि तिला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. अशा गायीचं दूध पाच दिवस ओतून टाकायचं असतं. तिच्या वडिलांनी, एगेनं, पहाटेच्या घाईत ते टाकीतच काढलं. त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा मेन्टनं दूध ओढून घेतलं होतं. त्या वर्षातली ती दुसरी चूक. दुसऱ्यांदा सापडलं की डेअरी तुमचं दूध बंद करायची.

एगे स्वयंपाकघराच्या दारात आला. मेन्ट आत टेबलाशी बसून चहा पीत होता, दुसरा कप संपत आला होता आणि तो उठायच्या बेतात होता. एगेनं ओक्काकडं पाहिलं आणि म्हटलं, "त्याला तिसरा कप दे." बाकी काही नाही. ओक्कानं बापाचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं. ती मेन्टला म्हणाली, "दोन कपांवर उठून जायचं आमच्या घरातून? तीन तर प्यायचेच असतात. असं काय वाईट केलंय आम्ही?" तो हसून परत बसला. तिनं कपात खडीसाखर टाकली, चहा ओतला, वरून साय सोडली, आणि त्याच्या बहिणीच्या लग्नाबद्दल विचारत राहिली. खिडकीतून तिला दिसत होतं. बाबांनी कप्प्यातली बाटली काढली, ओतली, आणि घरात पिण्यासाठी ठेवलेल्या आदल्या दिवसाच्या दुधानं भरून परत ठेवली.

अकरा शेतांवरचं दूध त्या टँकरात होतं. डेअरीच्या तपासणीत त्यात औषध सापडलं आणि ते सगळं फेकावं लागलं. अकराच्या अकरा बाटल्या मात्र स्वच्छ निघाल्या. मग डेअरीनं असा अर्थ काढला की ड्रायव्हर एका शेतावर नमुना घ्यायला विसरला आणि दुसऱ्या शेतावर दोन बाटल्या भरून मोकळा झाला. मेन्टला टँकरवरून काढलं आणि दोन वर्षं टाक्या धुवायला लावलं. एगे पुढं वीस वर्षं जगला. घरात हा विषय त्यानं कधी काढला नाही, आणि ओक्कानंही नाही.

शनिवारी मेन्ट गाडी घेऊन आला. ती जुनी होती, पण त्यानं आत सगळं नव्यानं केलं होतं. आतल्या घराची बॅटरी लिथियमची होती, सुटे सेल मागवून त्यानं स्वतः बांधलेली. एप्रिलमध्ये बायकोला, थेडाला, घेऊन तो नॉर्वेला जाणार होता, पार वरपर्यंत.

"हिला हात लावू नकोस," तो म्हणाला. "साठ टक्के भरून ठेवलीय. लिथियमला पडून राहिलेलं चालतं. पण शून्याखाली चार्ज केलं तर आतून जाते, कायमची. वरून काही दिसत नाही. इंजिनच्या बॅटरीचं तू बघ, ती नेहमीची आहे."

"ठीक आहे."

त्यानं हेच एका कार्डावर लिहून काचेला आतून चिकटवलं. मुख्य बटण बंद केलं. दार लावलं, ओढून पाहिलं. अंगणाच्या फाटकापर्यंत गेला आणि परत येऊन पुन्हा ओढून पाहिलं. ओक्का तिथंच उभी राहून पाहत होती. गावात त्याची या सवयीवरून थट्टा व्हायची. मेन्ट चर्चमधून निघाला की दहा मिनिटांनी खरंच निघतो, असं म्हणायचे.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात थंडीनं कळस गाठला. कालवे गोठले आणि पोरं त्यांवर घसरत शाळेला जाऊ लागली. बाहेर उणे अकरा, गोठ्यात उणे सहा. ओक्काची फेरी त्याच आठवड्यात होती आणि नेमकी तिच्या कमरेत उसण भरली होती. तरी ती निघाली. चौदा गाड्या ठीक निघाल्या. पंधरावी मेन्टची. इंजिनची बॅटरी बारा पूर्णांक एकवर आली होती.

बॅटरी ड्रायव्हरच्या पायाखालच्या खड्ड्यात होती. ओक्कानं गुडघे टेकून वायरी सोडल्या, पट्ट्याला धरून उचलायला गेली आणि तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. ती तशीच पायरीवर बसून राहिली. रेन्केला यायला दुपार होणार होती. आला तरी त्याच्या गुडघ्यांनी ते जमणार नव्हतं. शेजारच्या शेतावरून कुणाला बोलावता आलं असतं. तिनं तसं केलं नाही. तिनं वायरी पुन्हा जोडल्या, दुधाच्या खोलीतून वायरीचं रीळ ओढत आणलं आणि गाडीच्या बाहेरच्या सॉकेटात प्लग लावला. गाडीचा स्वतःचा चार्जर असतो, तो थोडी वीज इंजिनच्या बॅटरीलाही देतो, हे तिला ठाऊक होतं. घरच्या बॅटरीचं मुख्य बटण बंद आहे, म्हणजे ती बाजूला आहे, असा तिचा हिशोब. दिवसभराचा प्रश्न आहे, विमेवाले काही आज येत नाहीत, असंही तिनं स्वतःला सांगितलं. तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते.

चार वाजता ती प्लग काढायला गेली. इंजिनची बॅटरी वर आली होती. उठताना तिची नजर दाराच्या वरच्या छोट्या पडद्यावर गेली. घरची बॅटरी: शंभर टक्के.

ती बराच वेळ त्या आकड्याकडं पाहत राहिली. मग बैठक उचलून वायरी तपासल्या. चार्जरची वायर बटणाच्या अलीकडंच बॅटरीला जोडलेली होती. बटण बंद असो की चालू, तिला फरक पडत नव्हता. सात तास, उणे सहामध्ये.

रात्रीच्या जेवणाला तिनं केलच्या पाल्याची भाजी आणि सॉसेज केलं होतं. रेन्के दुसऱ्यांदा वाढून घेत होता तेव्हा तिनं त्याला सांगितलं.

"मेली का नक्की?" त्यानं विचारलं.

"मला काय माहीत. वरून काही दिसत नाही."

"मग झालं तर. त्यानं घरी बांधलेली आहे. घरी बांधलेल्या वस्तू मरतात."

"मी मारलीय ती, रेन्के."

"तू म्हणतेस म्हणून. उद्या जाऊन त्याला सांगितलंस की परवा सगळ्या गावाला कळेल की तू गोठ्यात वायर ओढलीस. मग विमेवाला येईल आणि चौतीस गाड्या बाहेर काढायला लावेल. एका बॅटरीपायी?" त्यानं मोहरी ओढून घेतली. "गप्प बस. बोलून कुणाचं भलं होतंय?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ओक्का गप्प बसली. फेब्रुवारीच्या फेरीत ती मेन्टच्या गाडीशी आली, इंजिनची बॅटरी मोजली, आकडा लिहिला आणि पुढं गेली. काचेवरच्या कार्डाकडं तिनं पाहिलं नाही.

मार्चच्या पहिल्या शनिवारी मेन्ट आला. थेडा आली नव्हती. त्यानं गाडी अंगणात घेतली, आतली बटणं चालू केली आणि विजेच्या किटलीत पाणी भरून ती लावली, बॅटरी तपासायला. ओक्का फाटकाशी झाडत होती. किटली नुकती आवाज करू लागली होती, तेवढ्यात सगळं बंद पडलं. दिवेही गेले. त्यानं पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच.

तो बाहेर आला नाही. ओक्का झाडू टेकवून गाडीच्या दाराशी गेली. मेन्ट जमिनीवर बसला होता, पुढ्यात बॅटरी उघडी, मांडीवर एक चौकडीची वही. वहीत प्रत्येक सेलचा आकडा, प्रत्येक नट किती घट्ट केला त्याची नोंद.

"कुठंतरी मीच चुकलोय," तो वर न पाहता म्हणाला. "सेल जुळवताना. की पट्ट्या बसवताना. तीनदा तपासलं होतं. पण तपासताना माणसाला वाटतं की तपासलं."

त्यानं बोटानं एक पट्टी हलवून पाहिली.

"थेडा म्हणत होती, तयार बॅटरी आण, दुकानातली. मी म्हटलं, मी करतो. आणि थंडीत चार्जिंग आपोआप बंद करणारा तुकडा मिळतो, तो पण नाही लावला. म्हटलं, हिवाळ्यात चालवायचीच नाही तर कशाला." त्यानं पान उलटलं. "माझ्या हातून असंच होतं. त्या दुधाच्या वेळेला पण मी शपथेवर सांगितलं असतं की अकरा शेतांवर अकरा बाटल्या भरल्या. आणि तरी झालंच की तसं."

"तुला वाटतं की तू विसरलास?" ओक्कानं विचारलं.

"विसरलोच असणार. धुकं होतं त्या दिवशी. दुसरं काय असेल?"

अडतीस वर्षं ओक्का धरून चालली होती की मेन्टला संशय तरी असेल. मनातल्या मनात तो तिच्या बापाला शिव्या देत असेल, कदाचित तिलाही. त्यानं सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेऊन ठेवला असेल हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. ती पायरीवर बसली.

"तुझं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "बॅटरी मी चार्ज केली. जानेवारीत."

मेन्टनं वर पाहिलं.

तिनं कमरेपासून वायरीच्या रिळापर्यंत सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग त्यानं पेन्सिल उचलली.

"किती वाजता लावलीस?"

"नऊ."

"काढलीस?"

"चार."

"आतलं तापमान?"

"उणे सहा."

त्यानं ते तिन्ही वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. "मग बरोबर," तो म्हणाला. "मग सेल चांगले होते." त्याच्या आवाजात राग होता, पण एक सुटकाही होती, आणि ओक्काला राग सोसला असता, ती सुटका सोसवेना.

"आणि दुधाचं पण," ती म्हणाली.

"दुधाचं काय?"

"बाटली बाबांनी बदलली. तू आत चहा पीत होतास. तिसरा कप मी तुला आग्रहानं दिला तो त्यासाठी. मला माहीत होतं. मी खिडकीतून पाहिलं."

हे त्यानं लिहून घेतलं नाही. पेन्सिल त्यानं खाली ठेवली. अंगणात शेजारची कोंबडी आली होती, ती खडीत काहीतरी टोचत होती. थोड्या वेळानं त्यानं वही मिटली, खिशात घातली, बॅटरीवर झाकण ठेवलं, चारी स्क्रू आवळले. गाडीतून उतरला. दार लावलं. ओढून पाहिलं. मग हात मागं घेतला, जणू कुणी पाहिलं असावं.

"गाडी आत घे तू," तो म्हणाला. "मी पायी जातो."

दहा दिवस त्याच्याकडून काही आलं नाही. ओक्कानं रेन्केला सगळं सांगितलं. बॅटरीचं ऐकून तो कपाळाला हात लावून बसला. दुधाचं ऐकून मात्र तो उठून बाहेर गेला. एगेबरोबर त्यानं पंधरा हिवाळे पत्ते खेळले होते. रात्री आला तेव्हा म्हणाला, "मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, ओक्का."

"जिवंत होते तेव्हाही त्यांनी दिलं नाही."

"पण तुझे बाबा होते."

"होते ना," ती म्हणाली. "म्हणूनच इतके दिवस लागले."

अकराव्या दिवशी फोन वाजला. मेन्टच होता.

"रविवारी दोनला तयार राहा. फोक्केन अजून आहे. आउरिखच्या वृद्धाश्रमात."

फोक्केन म्हणजे त्या काळचा डेअरीचा मॅनेजर. मेन्टला टँकरवरून काढण्याच्या कागदावर त्याची सही होती.

"माझ्याशी काय काम आहे त्यांचं?" ओक्कानं विचारलं.

"त्याचं नाही, माझं आहे. मला सांगितलंस तसं त्याला सांग. मी शेजारी बसतो."

रविवारी तो मोटरहोम घ्यायला आला. इंजिनच्या बॅटरीनं पहिल्या झटक्यात गाडी सुरू केली. रस्त्यात दोघं जवळजवळ बोलले नाहीत. एका वळणावर तो म्हणाला, "थेडा दोन दिवस रडली. मी नाही." आणि नंतर बऱ्याच वेळानं, "माझे वडील त्याच डेअरीत होते. त्यांनीच मला चिकटवलं होतं. पुढं पाच वर्षांनी वारले. त्या पाच वर्षांत एकदाही म्हणाले नाहीत की मेन्ट, तू केलं नसशील." ओक्का समोरच्या काचेतून बाहेर पाहत राहिली.

फोक्केन एकोणनव्वद वर्षांचा होता. खिडकीशी खुर्चीत, गुडघ्यांवर शाल, केस नीट विंचरलेले. त्यानं मेन्टला लगेच ओळखलं. ओक्काला ओळखायला वेळ लागला. "एगेची मुलगी," तो म्हणाला. "बस, बस. तीन वाजता केक येतो इथं."

ओक्कानं सांगितलं. इंजेक्शन, टाकी, तिसरा कप, खिडकी. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. म्हातारा मान हलवत ऐकत होता. ती थांबल्यावर तो म्हणाला, "हो, एगेच्या बाटलीत शिळं दूध होतं."

मेन्ट खुर्चीत पुढं झुकला.

"प्रयोगशाळेनं सांगितलं होतं मला," फोक्केन म्हणाला. "त्या बाटलीतलं दूध सकाळचं नव्हतं. घरात ठेवलेलं असावं. मग काय झालं असेल ते कळायला फार डोकं लागत नाही."

"तुम्हाला माहीत होतं?" मेन्टनं विचारलं.

"अंदाज होता. पक्का अंदाज."

"मग मला का काढलंत?"

फोक्केननं शाल सारखी केली. "एगे संचालक मंडळावर होता. तो गेला असता तर त्याच्यामागं तीन-चार जण दुसऱ्या डेअरीकडं गेले असते. तेव्हा आमची टाकी अर्धी रिकामी असायची. ड्रायव्हर काय, दुसरा मिळतो." तो मेन्टकडं वळला. "तुला कामावरून घालवलं नाही ना मी. टाक्यांवर ठेवलं. पगार तोच ठेवला. तुझ्या वडिलांना बोलावून सांगितलं होतं, की दोन वर्षांत सगळं निवेल."

"माझ्या वडिलांना तुम्ही काय सांगितलंत?"

"हेच. की पोराचा दोष नाही, पण तुम्ही गप्प राहा."

मेन्ट खुर्चीत पुढं झुकला होता, तो हळूहळू मागं टेकला. तेवढ्यात एक बाई केक आणि कॉफी घेऊन आली आणि सगळ्यांना विचारून विचारून साखर घालू लागली. फोक्केननं आपला केक खाल्ला. ओक्कानं काट्यानं दोन तुकडे केले आणि तसेच ठेवले. मेन्टनं सगळा खाल्ला, बशीतला चुराही बोटानं उचलला. निघताना त्यानं म्हाताऱ्याशी हात मिळवला नाही, पण त्याची घसरलेली शाल उचलून खुर्चीवर ठेवली.

वाहनतळावर तो गाडीत बसला आणि किल्ली न फिरवता बसून राहिला.

"म्हणजे बापाला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"आणि मला वाटायचं, ते माझ्याकडं बघत नाहीत कारण त्यांना लाज वाटते माझी."

"त्यांना स्वतःची वाटत असेल," ओक्का म्हणाली.

"असेल." त्यानं नाक पुसलं. "तुझं माझ्याशी न बोलणं तसलंच काय?"

"तसलंच."

"तसलीच बरीच माणसं निघाली की मग." त्यानं किल्ली फिरवली. "बॅटरीचे पैसे द्यायचे तू. सेलचे फक्त. तुकडा लावला नाही तो माझा दोष."

"देते."

"दुधाचं काही देऊ नकोस. त्यावर तू काही आणून दिलंस तर मी काठीनं हाकलीन."

नवे सेल वेळेत आले नाहीत, म्हणून एप्रिलमध्ये ओक्कानं त्याला आपल्याकडची एक ॲसिडची बॅटरी दिली. बसवायला दोघं लागले. मेन्टनं नट आवळले, ओक्कानं वायर धरली. थेडा बाहेर उभी होती. तिनं ओक्काला एक शब्द विचारला नाही, आणि निघताना मोइन म्हणाली नाही. मेन्ट म्हणाला, पण त्याबरोबर हेही म्हणाला, की पुढच्या हिवाळ्यात तो गाडी इथं ठेवणार नाही.

"बरं," ओक्का म्हणाली. "हेझेल गावात एक जण गाड्या ठेवतो. माणूस चांगला आहे. छप्पर मात्र गळतं, मधल्या ओळीत उभी करू नकोस."

गोष्ट गावात फिरली, फिरायचीच होती. एगेचा फोटो दूध संस्थेच्या जुन्या हॉलमध्ये होता, तो कुणी काढला नाही, पण त्याच्याखाली बसायला लोक टाळू लागले असं रेन्के सांगायचा. विमेवाला खरंच आला, गोठा पाहिला, रीळ कुठं आहे ते विचारलं आणि एक कडक पत्र पाठवलं. ओक्कानं ते दुधाच्या खोलीत लावून ठेवलं. तीन गिऱ्हाइकं गेली. उरलेली एकतीस आली, आणि त्यातल्या एकानं गाडी ठेवताना म्हटलं, "माझी मारलीस तरी सांगशील ना?" ओक्का म्हणाली, "सांगेन. पण आधी पैसे घेईन."

पुढच्या डिसेंबरात, सेंट निकोलसच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, थेडाचा फोन आला.

"तो विचारणार नाही म्हणून मी विचारतेय," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "हेझेलवाला काही मोजत नाही. आज आम्ही जाऊन पाहिलं. इंजिनची बॅटरी बारा पूर्णांक दोन दाखवतेय."

मागून मेन्टचा आवाज आला, "दोन नाही. बारा पूर्णांक एक आठ."

"बारा पूर्णांक एक आठ म्हणतोय," थेडा म्हणाली.

"ऐकलं मी," ओक्का म्हणाली. "काढून घरी न्या. हेझेलला चार्ज करू नका. घरात कुठंतरी ठेवा, हवा खेळेल अशा ठिकाणी, आणि हळू चार्जरवर लावा. एक दिवस तरी."

"न्हाणीघरात चालेल?"

"खिडकी उघडी ठेवली तर चालेल."

थेडानं फोनवर हात ठेवला. काहीतरी बोलणं झालं, मग ती परत आली.

"तो विचारतोय, निगेटिव्ह आधी सोडायची ना?"

"त्याला माहीत आहे ते."

"माहीत आहे," थेडा म्हणाली. "तरी विचारतोय."

"हो, निगेटिव्ह आधी," ओक्का म्हणाली. "आणि त्याला सांग, वाकताना गुडघ्यांतून वाक, कमरेतून नको."